दिगू, बापूची दुनळी तुलाच घ्यावी लागेल

पुणे, रविवार सकाळ

प्रिय दिगू,

दोन वर्षांनी लिहितोय. फोन करता आला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास तर पुन्हा करायचं धाडस झालं नसतं. पत्र निदान तू शेवटपर्यंत वाचशील.

आधी मनात सलतंय ते सांगतो. बापू गेल्याचं तुला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, ते माझ्यामुळे. अठरा दिवस तो दवाखान्यात होता. रोज रात्री घरी आलो की तुझा नंबर काढायचो आणि फोन खाली ठेवायचो. भिगवणला तू जे बोललास ते मी धरून बसलो होतो. बापूनं दोनदा विचारलं, "दिगूला कळवलंस का?" दोन्ही वेळा मी "उद्या कळवतो" म्हणालो. याबद्दल तू मला काय बोलायचं ते समोर बसून बोल. मी ऐकून घेईन.

तब्येत ठीक. साखर आटोक्यात आहे, गुडघा बदलला, चालतो. तुझ्या नातीला मेडिकलला प्रवेश मिळाल्याचं कळलं, फार आनंद झाला. घराचं वरचं काम संपलं का?

आता मुख्य गोष्ट. बापूची दुनळी बंदूक सध्या कॅम्पातल्या एका बंदूकवाल्याकडे जमा आहे. परवाना बापूच्या नावाचा, तो त्याच्याबरोबरच संपला. त्याच्या मुलानं, सुहासनं, दिवस झाल्या झाल्या रीतसर जमा केली, त्यात काही चूक नाही. वारस म्हणून त्याला स्वतःच्या नावावर मागता आली असती. पण घरात चार वर्षांचं पोर, हिंजवडीला फ्लॅट, सून म्हणते बंदूक घरात नको. मी तिला दोष देत नाही. मात्र ठरलेल्या मुदतीत परवाना असलेल्या कुणी ती घेतली नाही, तर ती सरकारजमा होणार. मला घेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि माझ्या परवान्यावर दोन आहेत. बाबांची एकनळी मी २०२० मध्येच जमा करून आलोय. त्या दिवशी रिकाम्या हातानं घरी येताना कसं वाटलं ते तुला सांगायला नको.

सुहासकडे एक गिऱ्हाईक आलंय. मुळशीकडे फार्महाउस बांधलंय, परवान्यावर जागा आहे. बंदूक दिवाणखान्यात काचेच्या कपाटात लावायची म्हणतो. माणूस वाईट नाही. पण त्यानं एकदाही ती खांद्याला लावून पाहिली नाही. नळीत डोकावला नाही. "पॉलिश नवं करून घेऊ," म्हणाला. दिगू, माझ्या पोटात खड्डा पडला.

परवा मी आणि सुहास दुकानात गेलो. मालकानं खोळ काढून बंदूक काउंटरवर ठेवली. मी ती बिजागरीवर मोडून नळ्या ट्यूबलाइटकडे धरल्या. उजवी अजून आरशासारखी आहे, आत प्रकाशाच्या कड्या एकात एक दिसतात. डाव्या नळीवर बाहेरून तोच अंगठ्याएवढा गंजाचा डाग, निवडणुकीत ठाण्यात जमा होती तेव्हाचा. आठवतं ना, भर पावसाळ्यानंतर परत मिळाली आणि बापू घरी येऊन दोन तास कुणाशी बोलला नव्हता? प्रत्येक निवडणुकीला आपण तिघं रांगेत उभे असायचो. तू तुझी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणायचास, आणि हवालदार विचारायचा, "काय हो, बाळंतीण आहे का आत?"

नळ्यांच्या सपाट तळावर शिक्के तसेच आहेत. मुकुट, त्याखाली बी पी, बी व्ही आणि एन पी. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमधून जास्त दाबाचा बार टाकून पारखून निघालेली वेब्ली अँड स्कॉट कंपनीची बंदूक. सुहासला मी हे सगळं दाखवलं. त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याला विचारलं, बाराबोर म्हणजे काय? म्हणाला, नळीचं माप असेल. मग बापू आपल्याला सांगायचा तसंच सांगितलं, एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या, त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोब्बर बसेल ती बाराबोर. पोरगा खुश झाला. "बाबांनी मला कधी सांगितलं नाही," म्हणाला. बापूनं सांगितलं नसेल असं मला वाटत नाही. यानं ऐकलं नसेल.

दुकानातल्या पोरानं नवं सत्तर मिलिमीटरचं काडतूस आणून सहज आत सरकवलं आणि म्हणाला, "बघा, जातं." माझा आवाज चढला. आत जातं म्हणून चालतं असं नाही! हिची काडतूस बसायची खोली अडीच इंची, म्हणजे पासष्ट मिलिमीटर. बार उडाला की काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडतं, आणि त्याला उघडायला जागाच मिळाली नाही तर दाब नळीवर येतो. फार्महाउसवाल्याला हे कोण सांगणार? एखाद्या लग्नात हौसेनं बार काढायला जाईल आणि शंभर वर्षांच्या नळीचं वाटोळं करील, कदाचित स्वतःच्या बोटांचंही.

तरीही ही बंदूक तूच घ्यावीस असं मी म्हणतोय त्याचं खरं कारण खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता आहे. मी ती खांद्याला लावली. जुन्या सवयीनं उजव्या. गाल बसला, पण डोळा नळ्यांमधल्या पट्टीवर येईना, नेमाची टोकावरची माशी भलतीकडे. क्षणभर वाटलं नजर गेली. मग आठवलं. दिगू, ती बंदूक डावखुऱ्याची आहे!

भवानी पेठेतल्या मिस्त्रीची ती रात्र आठव. बापूच्या वडिलांनी, नानांनी, ती परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली तेव्हा दस्ता उजव्या खांद्यासाठी कललेला होता. बापू डावरा, त्याचे बार कायम पक्ष्याच्या मागे पडायचे. मिस्त्रीनं दस्त्याच्या मानेला फडकं गुंडाळलं, वर उकळतं जवसाचं तेल घालत राहिला, लाकूड मऊ झाल्यावर शिकंज्यात पकडून पाव इंच दुसऱ्या बाजूला वळवला आणि तसाच गार होऊ दिला. आपण तिघं ओट्यावर रात्रभर बसून होतो. नानांना सकाळी कळलं तेव्हा त्यांनी बापूला दिलेल्या शिव्या अर्ध्या पेठेनं ऐकल्या. आणि पुढच्याच रविवारी सुप्याच्या माळावर पहिल्यांदा ती तुझ्या हातात आली. तोवर लोक तुला नेमबाज म्हणत नव्हते. तूही डावरा, आणि तुझ्या सरळ दस्त्याच्या बंदुकीनं तू फक्त ढेकळं फोडायचास. त्या दिवशी शाळूच्या बांधावरून लावे उठले, भुर्रकन, आणि तू उजवी-डावी दोन्ही नळ्या ओढून दोन पाडलेस. बापू स्वतः पाडल्यापेक्षा जास्त नाचला होता.

आपल्या तिघांत डावरे दोनच, त्यातला एक गेला. आता ती ज्याच्या खांद्याला बसते असा माणूस तू एकटा आहेस.

आणखी एक. पेटीत, फ्लॅनेलच्या खाली, बंदुकीच्या रंगून तेलाच्या बाटलीशेजारी बापूची वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, शिकारीची. प्रत्येक रविवारची नोंद आहे. गाव, वारा, किती काडतुसं, कोणत्या नंबरचा छर्रा. पावसात फुगून नळीत न जाणाऱ्या कागदी काडतुसांचाही हिशेब ठेवलाय त्यानं. मी रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो होतो. १९७७ च्या जानेवारीतलं पान लागलं. मोरगावच्या ओढ्यातला तो तित्तर. तुम्ही दोघांनी एकदम बार टाकलेत, तो पडला, आणि तो कुणाच्या बारानं पडला यावरून तुम्ही परतीच्या सगळ्या रस्त्यावर, मग कट्ट्यावर, मग माझ्या लग्नात, मग बापूच्या साठीला भांडलात. पानावर लिहिलंय: "बार ७. नंबर ६. तित्तर ४. त्यात एक दिगूचा." त्याच संध्याकाळच्या शाईत. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

मी हसलो, मग फार रडलो. हिला उठून विचारावं लागलं काय झालं म्हणून. काय सांगणार? तित्तराचं प्रकरण तिला ठाऊक आहे, पण तुला हे वाचून जे होईल ते तिला होणं शक्य नाही.

आता भिगवणचं. तू म्हणालास, मी पक्षी बघायला दुर्बीण घेतली तेव्हाच आपल्या मंडळीतून गेलो. दोन वर्षं त्याचं उत्तर मनात घोळवतोय. १९९१ मध्ये कायद्यातून शिकारीचे परवानेच गेले तेव्हा तू कडवटलास, मी नाही. सुप्याच्या माळावर लावे कमी झालेले मी त्याआधीच डोळ्यांनी पाहिले होते. पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर यायचे, ते यायचे थांबले होते. उरलेलं वाचावं असं मला मनापासून वाटलं, आजही वाटतं. पण म्हणून मी आपल्या रविवारांना नावं ठेवली नाहीत. पट्टकादंब हंस कुठल्या दिशेनं उतरणार, वारा कुठून आहे, चक्रवाक आधी ओरडून बाकीच्यांना उठवणार, हे मला बंदुकीनंच शिकवलं. उजनीच्या पाण्यावर होडीत बसलो की अजूनही हळदीकुंकू बदकं उठली की डावा पाय आपोआप पुढे जातो. तेच डोळे आहेत, दिगू. आणि बंदूक तर मी एकही विकली नाही.

बापूला हे कळायचं. परवाने गेले तरी महिन्याचा पहिला रविवार त्यानं मोडला नाही. गच्चीवर सतरंजी, तीन बंदुका, वहिनींचे कांदेपोहे. नळीतून फडकं ओढायचं, तेल लावायचं, कुलपाचा आवाज ऐकायचा. तू कोल्हापूरला गेल्यावर दोनच बंदुका असायच्या, तरी तो तिसऱ्या सतरंजीची घडी मोडून ठेवायचा. वारणेकडून कुणी आलं की आधी विचारायचा, "आमचा दिग्या भेटला का?"

तर ऐक. तुझ्या परवान्यावर एकच हत्यार आहे, दुसरं तू भावाच्या नावावर केलंस हे मला माहीत आहे. तुझ्या जिल्हाधिकारी कार्यालयातून दुसऱ्या हत्याराची मंजुरी परवान्यावर चढवून घे. वेळ लागेल, म्हणून उद्याच अर्ज टाक. सुहासशी मी बोललोय. त्याला पैसे नकोत, पण फुकट घेऊ नकोस, त्याच्या पोराच्या नावानं काहीतरी ठेव. फार्महाउसवाल्याला मी पंधरा दिवस थांबवून धरलंय. दुकानदार ओळखीचा निघाला, तो डाव्या नळीला दर आठवड्याला तेल लावतो म्हणाला, आणि मी जाऊन बघतोही.

अर्ज टाकलास की एकदा इकडे ये. बंदूक आधी खांद्याला लावून बघ, वय झालं की मान आखडते, दस्ता अजून बसतो का ते पाहायला हवं. नाही बसला तर तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही. वहिनी तुझी चौकशी करत होत्या. वही मी माझ्याकडेच ठेवलीय, पोस्टानं पाठवणार नाही. ते पान तू इथे येऊनच वाच, गच्चीवर.

सकाळची गाडी धरलीस तर दुपारच्या जेवणाला पोचशील. स्टेशनवर मी येतो.

तुझा,
शरद