‘किरकोळ जखमी’ आणि त्यानंतरची चक्कर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्ते अपघाताच्या बातमीच्या शेवटी ‘अन्य दोघे किरकोळ जखमी’ असे जे छापले जाते, त्या ‘अन्य’मध्ये गेल्या वर्षी मीही होते. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी भर पावसात स्कूटर खड्ड्यात गेली आणि माझे डोके रस्त्यावर आपटले. हेल्मेट होते म्हणून निभावले. रक्त आले नाही, सीटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही आणि दुसऱ्या दिवशी मला घरी सोडले. मेंदूला बसलेला हादरा सहसा स्कॅनमध्ये दिसतच नाही, हे त्या वेळी कोणी सांगितले नाही. ‘स्कॅन चांगला आहे’ याचा अर्थ आम्ही घरी ‘काही झालेले नाही’ असाच घेतला.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकाच्या कण्यावरचे नाव वाचण्यासाठी मान तिरपी करणे, वरच्या फळीवरून नजर एकदम खालच्या फळीवर आणणे, हे माझे दिवसभराचे काम. तिसऱ्या आठवड्यात रुजू झाले, तेव्हा दोन रॅकमधून चालताना दोन्ही बाजूंनी मागे सरकणाऱ्या रंगीबेरंगी कण्यांनीच मला गरगरू लागले आणि भिंत धरून मी खाली बसले. रुग्णालयाने चक्कर दाबणाऱ्या गोळ्या दीड महिना तशाच चालू ठेवल्या. या गोळ्या सुरुवातीचे काही दिवस आधार देतात खऱ्या, परंतु त्या लांबल्या की बिघडलेला तोल पुन्हा जुळवून घेण्याचे मेंदूचे काम रेंगाळते, हे मला फार उशिरा कळले.

अखेर धंतोलीतील एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी माझी मान उजवीकडे वळवून मला झटकन असे आडवे केले, की डोके टेबलाच्या कडेखाली राहिले; क्षणभराने सगळी खोली फिरू लागली. तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात आणि डोके आपटल्यावर ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये शिरू शकतात. माझे तसेच झाले होते. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागी आणण्याचा उपाय आहे, आणि दोन खेपांत तेवढा त्रास थांबला.

उरली ती मान हलवताच नजर अस्थिर होण्याची तक्रार, आणि खरी कसोटी तीच होती. त्यावर व्यायाम असा: भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला ‘क’ लिहिलेला कागद चिकटवायचा, नजर त्या अक्षरावरून ढळू न देता मान डावी-उजवीकडे हलवायची, प्रथम तीस सेकंद, मग एक मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पहिल्या दिवशी वीस सेकंदांत अक्षर पाण्यात पडल्यासारखे थरथरू लागले आणि पुढचा तासभर मळमळत राहिले. ‘ज्यानं चक्कर येते तेच कशाला करतेस?’ हा सासूबाईंचा प्रश्न रास्तच होता. उत्तर असे, की थोडी चक्कर आल्याखेरीज मेंदूला आपली चूक उमगत नाही आणि तो ती दुरुस्तही करत नाही. मात्र ती मोजून यावी लागते. मला चक्करीला शून्य ते दहा गुण देण्यास सांगितले होते: व्यायामाने आधीपेक्षा दोन गुणांपर्यंत वाढून तासाभरात ओसरली तर चालू ठेवायचे, त्याहून वाढली तर त्या दिवशी थांबायचे. हे न सांगता नुसता व्यायामाचा कागद हाती दिला, तर चौथ्या दिवशी रुग्ण तो सोडून देतो. मीही एकदा सोडला होता.

पुढे अंबाझरी तलावाच्या काठाने चालताना मान वळवून झाडे पाहणे, मग मेट्रोचा सरकता जिना, आणि शेवटी रविवारचा बर्डीचा बाजार, अशी गर्दीची मात्रा वाढवत नेली. यात यंत्र लागले नाही. अशा व्यायामांची पहिली मालिका कॉथॉर्न आणि कूक्सी या डॉक्टरांनी 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये, युद्धकाळात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी बसवली होती. खेळाडूंच्या मेंदूच्या हादऱ्याबाबत 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निवेदनातही पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती, नंतर हलकी हालचाल आणि चक्कर दहा दिवसांहून अधिक टिकल्यास हे उपचार, असाच क्रम सुचवलेला आहे. मला मात्र अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहण्याचा सल्ला मिळाला होता.

डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर तातडीने परत या, ही सूचना माझ्या डिस्चार्ज कार्डावर होती आणि ती हवीच. तिच्याखाली मराठीत आणखी एक ओळ छापावी, अशी शहरातील सर्व रुग्णालयांना विनंती आहे: ‘दहा दिवसांनंतरही चक्कर येत असल्यास तोलाची तपासणी करून घ्या.’ मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून कोणी हे व्यायाम परस्पर सुरू करू नयेत. मानेलाही मार असू शकतो आणि ते आधी तपासावे लागते.

पाच महिन्यांनी मी सर्वांत वरच्या फळीवरचे पुस्तक शिडीवर चढून काढले. डावा हात अजून रॅकला धरूनच असतो.

आपली,
एक ग्रंथपाल,
धरमपेठ, नागपूर