रेफरच्या चिठ्ठीने रक्त थांबत नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

गेल्या आठवड्यात एका जिल्हा रुग्णालयातून रात्री अकराला निघालेली चिठ्ठी आमच्यासमोर आहे. ‘रक्ताच्या उलट्या. सिरॉसिस. एन्डोस्कोपी उपलब्ध नाही. रेफर.’ बीपी नाही, हिमोग्लोबिन नाही, काय इंजेक्शन दिलं तेही नाही. रुग्ण आमच्याकडे पोचला तेव्हा मनगटाला नाडी लागत नव्हती. एन्डोस्कोपीची, म्हणजे तोंडावाटे पोटात घालायची, दुर्बीण त्या रुग्णालयात आहे. शिरा आवळायच्या रबरी रिंगांचा सेट नाही आणि रात्री दुर्बीण घालणारं कोणी नाही.

सिरॉसिसमध्ये यकृत कडक होतं. आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून जाईना की ते अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या बारीक शिरांत घुसतं. त्या फुगतात आणि फुटतात. तेव्हा १२ तासांच्या आत रिंग बसवायची असते. पण त्याआधीचं काम कुठलाही वैद्यकीय अधिकारी पंधरा मिनिटांत करू शकतो. दोन्ही हातांना १६ किंवा १८ नंबरच्या जाड सुया. या शिरांतला दाब उतरवणारं ऑक्ट्रिओटाइड ५० मायक्रोग्रॅम शिरेतून, मग तेवढंच दर तासाला पंपावर. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक १ ग्रॅम, कारण अशा रुग्णाला जंतुसंसर्ग झाला की रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तरच रक्त, तेही ७-८ पर्यंतच. हात सैल सोडून बाटल्या चढवल्या तर शिरांतला दाब वाढतो आणि थांबलेली शीर पुन्हा सुटते.

यातलं काही न करता सर्रास फोडलं जातं ते रक्त थांबवायला म्हणून दिल्या जाणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचं अँप्युल. २०२० साली १२,००९ रुग्णांवरच्या चाचणीत त्याने पोटातल्या रक्तस्रावाचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांत गुठळ्या वाढल्या. सहा वर्षंही पुरली नाहीत का हे खाली पोचवायला?

अल्सरचं, म्हणजे पोटातल्या जखमेचं, दुखणं वेगळं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा कायदा आहे. तरी ऊसतोडीच्या फडापासून बांधकामापर्यंत ते कंबरदुखीवर चण्या-फुटाण्यासारखं खाल्लं जातं. त्याने अल्सर होऊन रक्त सुटतं. मग डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच होते आणि माणूस ‘उष्णता झाली’ म्हणून दोन दिवस ताक पीत बसतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तशी चिकट नसते, तसा वास नसतो. एवढं आशाताईंच्या प्रशिक्षणात सांगायला पैसा लागत नाही. एच. पायलोरी या जंतूमुळे अल्सर होतो, या शोधाला २००५ साली नोबेल मिळालं. त्याची तपासणी तालुक्याला आजही सहज होत नाही.

रागाचं कारण हेच आहे, साहेब. यंत्र आलं की उद्घाटन होतं. रिंगांचा सेट एकदा वापरून फेकायचा असतो, त्याच्या मागणीपत्राला कोणी विचारत नाही. तंत्रज्ञ कंत्राटी, पद रिकामं, आणि महात्मा फुले योजनेचं कार्ड खिशात असलेला माणूस गडचिरोलीहून नागपूरच्या रस्त्यावर. जे सहज मोजता येतं तेवढंच आपलं खातं मोजतं.

तीन गोष्टी करा. रिंगांचे सेट आणि ऑक्ट्रिओटाइड जिल्हा रुग्णालयांच्या अत्यावश्यक साठ्यात घ्या. रेफर चिठ्ठीवर बीपी, हिमोग्लोबिन, दिलेला डोस आणि वेळ भरल्याशिवाय १०८ ची गाडी हलू देऊ नका, पण रुग्णाला त्यासाठी खोळंबून ठेवायचं नाही: रकाने भरायला दोन मिनिटं पुरतात. आणि गाडी सुटण्याआधी पुढच्या रुग्णालयात फोन जाऊ द्या, म्हणजे तिथे रक्त आणि दुर्बीण तयार राहील.

आपले,
पोटविकारांवर उपचार करणारे काही डॉक्टर