बाळ्याची किल्ली

ठाणे, रविवार

प्रिय मुकुंदा,

आईच्या तेराव्याला निघताना तू दारात विचारलंस, "बाळ्याचं पुढे काय?" आपल्या बौद्धिक दिव्यांग भावाचा प्रश्न, आणि मी चपला शोधायचं नाटक केलं. उत्तर आज लिहितोय.

बाळ्या पाडव्यापासून आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. तळमजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या, त्याच्याच दिव्यांगांच्या कार्यशाळेतले दोघं सोबतीला, रात्रीला मदतीला एक दादा. खर्च तिन्ही घरांत वाटून. सोसायटीने आधी नाकं मुरडली, ते सविस्तर भेटीत सांगेन.

आधी दोन निवासी संस्था पाहिल्या. स्वच्छ, जेवण चांगलं, बागही. बाळ्याने एवढंच विचारलं, "फाटकाची किल्ली कुणाकडे?" बेचाळीस वर्षांच्या माणसाचा प्रश्न आहे तो, मला आधी सुचायला हवा होता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम हेच म्हणतं: समाजात राहायचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नाही.

कागदांनी मात्र घाम काढला. अठरा पूर्ण झाले की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे आईला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याच ट्रस्टचा 'निरामय' आरोग्य विमा घेतला, 1 लाखापर्यंतचा. एका बँकेत तर साहेबांनी अंगठ्याची शाई पुढे केली. बाळ्याने ती बाजूला सारली आणि सही केली, वाकडी, पण पूर्ण नावाची.

शिकवणं सावकाश चालतं. इंडक्शनच्या बंद करायच्या बटणावर हिने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. दहाच्या नोटा निळ्या पाकिटात, विसाच्या पिवळ्या. चहा जमायला तीन आठवडे लागले, साखर अजून चार चमचे पडते. दुधाचं भांडं दोनदा करपलं. मी धावत गेलो, तर दादा म्हणाला, "तुम्ही घासू नका, त्यांना घासू द्या." राग आला, खरं सांगतो. मला त्याचं सगळं करायची सवय झालीये, आणि त्यात माझाही मोठेपणा होताच की.

गेल्या रविवारी न सांगता गेलो. दार साखळीपुरतं उघडलं. गळ्यातल्या नाडीला किल्ली, हातात कांदा.

"आमचे पोहे चाललेत," बाळ्या म्हणाला. "तू नंतर ये."

कोपऱ्यावर अर्धा तास बसलो रे.

तुझा,
दिन्या