बारसूच्या तारखांचा भार वाटून घेऊ या: चाकरमानी, माहेरवाशिणी आणि ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षणाचे बोअरिंग सुरू झाले. बायाबापड्या पोलिसांच्या गाड्यांपुढे रस्त्यावर आडव्या झाल्या आणि २८ तारखेला अश्रुधूर सोडला गेला. टीव्हीवरचा विषय तिथे संपला, पण ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले त्यांच्या कोर्टाच्या तारखा त्यानंतर सुरू झाल्या. मंडळाचा हा मदत निधी त्या तारखांसाठी आहे. आंदोलन, बॅनर, सभा यांवर त्यातला एकही रुपया जाणार नाही.

बारसूच्या आधी नाणारला ठरलेली रिफायनरी वर्षाला ६ कोटी टन कच्च्या तेलाची होती. एक टन तेल जळले की साधारण तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आंब्याचा मोहोर आणि पावसाचे वेळापत्रक दोन्ही बिघडलेल्या कोकणाला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. रिफायनरी हवी की नको यावर गावागावांत दोन मते आहेत, आपल्या मंडळातही आहेत. त्यासाठी कुणालाही कोर्टात एकटे उभे राहावे लागू नये, यावर मात्र दुमत नाही.

अशा आंदोलनात जुन्या भारतीय दंड संहितेची (भादंवि) १४३, १४९, ३४१, १८८ ही कलमे नेहमीची: बेकायदा जमाव, वाट अडवणे, आदेश मोडणे. खरा त्रास ३५३ चा, म्हणजे सरकारी कामात अडथळा. ते अजामीनपात्र आहे. शिवाय २०१८ पासून महाराष्ट्राने त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवून खटला सत्र न्यायालयाकडे नेला. त्यामुळे राजापूरच्या माणसाला सुनावणीला रत्नागिरी गाठावी लागते. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, तरी घटना आधीची असल्याने कलमे जुनीच राहतात. गुन्हा रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात करायचा तर ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्यासाठी त्याच न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ). मुंबईच्या नातेवाईकाकडे मुक्काम करून काम उरकायची सोय गेली, अणुस्कुरा घाट चढणे आले.

पैशाइतकीच गरज जामीनदारांची आहे. कोकणात सातबारा बहुधा सामाईक, एका उताऱ्यावर चुलत-मावस धरून पंधरा-वीस नावे, त्यातली निम्मी माणसे हयात नाहीत. असा उतारा पुढे केला की कोर्ट विचारते, यात तुमचा हिस्सा कुठला? म्हणून जमिनीचे स्वतंत्र खाते असलेल्यांनी किंवा कायम नोकरीवाल्यांनी नाव द्यावे. सोबत आधार, रेशनकार्ड, फोटो आणि ताजा सातबारा किंवा घराचा नमुना ८ चा उतारा असू द्या. नोकरदारांनी पगाराची स्लिप आणि कंपनीचे ओळखपत्र आणावे. जामीनदार बाहेरच्या जिल्ह्याचा आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मोतीराम प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा मुंबई-ठाण्यातल्यांनी मागे राहू नये. पडताळणीला वेळ लागतो, इतकेच. आधी किती जणांना जामीन राहिला आहात ते कोर्टाला लिहून द्यावे लागते, म्हणून एकाच भाऊंवर दहा जणांचा भार टाकू नका.

रोख जामीन भरायची वेळ आली तर ती रक्कम केस संपल्यावर परत मिळते. ती आरोपीच्या घरी न जाता निधीत जमा होईल, तसे लिहून घेतले जाईल.

तारीख चुकणे सर्वांत महागात पडते. आधी जामीनपात्र वॉरंट निघते, मग अजामीनपात्र, आणि जामीनदाराला नोटीस. बहुतेक वेळा माणूस पळालेला नसतो. समन्स गावच्या पत्त्यावर आलेले असते आणि तो बोटीवर किंवा नालासोपाऱ्याला असतो. प्रत्येक केसचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला ओळख क्रमांक, आमच्या वहीत नोंदवा. ई-कोर्ट्स ॲपवर आम्ही दर रविवारी पुढच्या तारखा बघतो. येणे अशक्य असेल तर वकिलांना दोन दिवस आधी कळवा, म्हणजे हजेरी माफीचा अर्ज कारणाच्या कागदासह देता येतो.

‘कबूल करा, किरकोळ दंड भरा आणि सुटा’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पोलीस पडताळणीत ती दिसते आणि मुलगा सरकारी भरतीत अडकतो. या निधीतून असा दंड भरला जाणार नाही. पासपोर्टचे मात्र अडून राहायचे कारण नाही. केस चालू असताना कोर्टाची परवानगी घेऊन तो मिळतो, आदेशात मुदत लिहिली नसेल तर बहुधा एका वर्षापुरता.

सरकारच्या घोषणेवरही विसंबू नका. नाणार आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा डिसेंबर २०१९ मध्ये झाली होती. पण खटला मागे घेण्यासाठी सरकारी वकिलाला अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. तो आदेश हातात पडेपर्यंत तारखेला हजर राहायचेच.

जे फुकट मिळते त्यावर पैसे घालवायचे नाहीत. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. उत्पन्न कितीही असो, महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तालुका समितीकडचे अर्ज आम्ही भरून देऊ.

मदत किती? एकरकमी पाच हजारांपेक्षा महिन्याला २०० रुपये दोन वर्षे दिलेत तर जास्त उपयोग, कारण खर्च तारखेतारखेने होतो: गाडीभाडे, बुडालेली मजुरी, नकला, वकिलांची फी. रक्कम फक्त मंडळाच्या बँक खात्यावर, क्यूआर कोड कार्यालयाच्या फलकावर आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कोडवर पाठवू नका. पावती घ्याच. आखातातल्या भारतीय पासपोर्टवाल्यांनी नेहमीच्या बँक मार्गाने पाठवावे; परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, परकीय देणगी कायद्यामुळे आम्हाला घेता येत नाहीत. त्यांनी राग मानू नये.

शेवटची विनंती मोबाइलची. त्या दिवसांचे चित्रण ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत दाबली जाते, मूळ फाइलची तारीख-वेळ तिच्यात उरत नाही. मूळ फाइल, ती ज्या फोनमध्ये आहे तो फोन आणि चित्रणासोबत कोर्टात द्यायच्या प्रमाणपत्रावर सही करायला फोनचा मालक, असे तिन्ही हाताशी असलेले बरे. फोन बंद पडला असेल तरी ठेवून द्या आणि कार्यालयात कळवा. कार्यालय शनिवारी संध्याकाळी ६ ते ९ उघडे असते.

आपले,
मंडळाची कायदा साहाय्य समिती