मिर्यामची गोष्ट गाणाऱ्या मुलास

प्रिय बाळा,

शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुटल्यावर आमच्या प्रार्थनालयाच्या अंगणात तू जे गायलास, त्याचे आभार मानायला ही चिठ्ठी लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण मनातलं मला याच भाषेत धडपणे सांगता येतं, आणि आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून इस्राएलला आलेल्या यहुदी, माणसांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे. माझा नातू तुला हिब्रूत वाचून दाखवील.

एलूल महिन्यात, म्हणजे आपल्या नववर्षाच्या आधीच्या महिन्यात, आमच्याकडे दरवर्षी लाशोन हारावर, म्हणजे वाईट बोलण्यावर, प्रवचन होतं. दुसऱ्याविषयी वाईट बोलू नये, ते खरं असलं तरी बोलू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. धर्मगुरू राबी इस्राएल मेइर कागान यांनी १८७३ साली या एकाच विषयावर सबंध ग्रंथ लिहिला, हेही ठाऊक आहे. पण तरुण मुलं प्रवचनाला येत नाहीत, आणि आम्ही येणारे ऐकून घरी जातो नि फोन उचलतो. अमक्याच्या मुलीचं लग्न का मोडलं, तमक्याच्या सुनेचं काय चाललंय. इथं इस्राएलात लोद गावी आमची वस्ती केवढीशी! इथं एक वाक्य सकाळी निघालं की संध्याकाळपर्यंत पार अश्दोद शहरात पोचतं. म्हणून यंदा मुलांनी हिप हॉपचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा बऱ्याच वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली, तरी मला मनापासून बरं वाटलं होतं.

तू मिर्यामची गोष्ट घेतलीस. मिर्याम आणि अहरोन ही भावंडं आपल्या भावाच्या, मोशे संदेष्ट्याच्या, कूशी म्हणजे इथिओपियाकडच्या बायकोवरून वाईट बोलली, मिर्यामचं अंग बर्फासारखं पांढरं पडलं, आणि सात दिवस तिला छावणीबाहेर राहावं लागलं. ही गोष्ट रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर आठवायची असते, तशी मी आठवतेही. पण सावळ्या रंगाचा, इथिओपियातून आलेल्या आईवडिलांचा मुलगा ती मायक्रोफोनवर सांगतोय आणि समोर आमची कोकणातली सावळी माणसं बसलीत, असं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या शेजारच्या मावशींनी माझा हात धरला, तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

त्याचं कारण तुला सांगायलाच हवं. ‘हे खरे यहुदी आहेत का?’ ही कुजबुज आमच्या मागेही होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला राबीनेटनं, म्हणजे इस्राएलातल्या मुख्य धर्मगुरूंच्या संस्थेनं, आमच्या लग्नांच्या वेळी आजी-पणजीपर्यंतची चौकशी करायला सांगितलं. पिढ्यान् पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणारी, कोकणात शनवार तेली म्हणून ओळखली जाणारी आमची माणसं! ती जेरुसलेमला धरणं धरून बसली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इथल्या संसदेनं, आम्ही सर्वार्थानं यहुदी आहोत असं जाहीर केलं. पुढं १९८५ साली तुमची माणसंही तशीच मुख्य राबीनेटसमोर बसली होती. माझ्या घरात हा विषय कुणी काढत नसे. वडील म्हणायचे, झालं ते झालं, जीभ आवरा.

म्हणूनच दोन गाण्यांच्या मधे तू जे बोललास, त्याचे आभार सर्वांत जास्त. कुणावर अन्याय होत असेल, कुणाचं नुकसान टळणार असेल, तर बोलणं हे लाशोन हारा नव्हे, तिथं गप्प राहणंच चूक, हा नियमही राबी कागान यांच्या त्याच ग्रंथात आहे, असं तू ठासून सांगितलंस. धरणं धरणाऱ्यांनी समाजाची बदनामी केली असं मानणारे काही जण अजून आमच्यात आहेत. त्यांच्यासमोर हे एका तरुणानं सांगायला हवं होतं.

आणि ती पाच शब्दांची प्रार्थना! जिनं वाईट बोललं तिच्याचसाठी मोशे म्हणतो, देवा, कृपा कर, तिला बरी कर. ‘एल ना रफा ना ला’ हे शब्द तू तालावर धरलेस आणि अंगणाकडून म्हणवून घेतलेस, तेव्हा मला माझ्या आजीच्या काळची कीर्तनं आठवली. आमच्या लोकांनी तोरातल्या, म्हणजे आपल्या धर्मग्रंथातल्या, गोष्टींवर मराठीत कीर्तनं रचली होती. पेटीच्या साथीवर एकानं आख्यान लावायचं आणि बाकीच्यांनी ओळ उचलायची. तुझं गाणं मला परकं वाटलंच नाही. ज्यांनी नाकं मुरडली होती, तेही ओळ उचलत होते, मी पाहिलं.

तू शेवटही गाळला नाहीस. मिर्याम परत येईपर्यंत लोकांनी तळ हलवला नाही. लहानपणी तीही नदीकाठी, पाण्यात ठेवलेल्या तान्ह्या मोशेच्या पेटाऱ्यापाशी थांबली होती, म्हणून तिच्यासाठी सगळे थांबले, असं आपले जुने जाणते सांगतात. शिक्षेवरच गोष्ट संपवणारे पुष्कळ ऐकलेत. त्याच रात्री आमच्यातल्या दोन जावा, ज्या कित्येक वर्षं बोलत नव्हत्या, फाटकापाशी उभ्या राहून बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

आता एक मागणं. त्या गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून पाठव, आम्हा बायकांना ते पाठ करायचंय. सणांनंतर आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावानं आभार मानण्याचा, मलिदा आहे. गूळखोबरं घातलेले पोहे आणि फळं असतात. आईला घेऊन ये.

तुझी,
पहिल्या रांगेतली आजी