'होतो' या शब्दाविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नातवंडांसाठी तुम्ही इंग्रजीत लिहायला घेतलेल्या आठवणींची पहिली पाने मिळाली आणि मी ती दोनदा वाचली. बाबा, साधा भूतकाळ कुठे घ्यावा आणि अपूर्ण भूतकाळ कुठे, हे मनात पक्के होत नाही असे तुम्ही लिहिले आहे. पाने वाचल्यावर मला वाटते की ही अडचण इंग्रजीपेक्षा आपल्या 'होतो' या शब्दाची अधिक आहे.

'तू आलास तेव्हा मी वाचत होतो' आणि 'त्या काळी मी रोज पायी जात होतो' ही दोन्ही वाक्ये मराठीत एकाच रूपात सामावतात. मात्र पहिल्यात त्या क्षणी चाललेली क्रिया आहे, तर दुसऱ्यात सवय. इंग्रजी सवयीसाठी सहसा साधा भूतकाळच घेते, म्हणून 'आय वॉज वॉकिंग टु वर्क एव्हरी डे' याऐवजी 'आय वॉक्ड' किंवा 'आय यूज्ड टु वॉक' लिहावे. याची कसोटी आपल्याच भाषेत आहे: 'जात होतो' काढून 'जायचो' किंवा 'जात असे' घातले आणि अर्थ बदलला नाही, तर अपूर्ण भूतकाळ टाळावा. काळ दीर्घ आहे म्हणूनही तो लागत नाही. नोकरीची तीस वर्षे संपली आहेत, तेव्हा 'आय वर्क्ड देअर फॉर थर्टी इयर्स' हेच योग्य. 'मला माहीत होते' यासाठी 'आय न्यू' लिहावे, 'आय वॉज नोइंग' नव्हे, कारण जाणणे ही स्थिती आहे.

एक वाक्य मात्र मी तुम्हांला न विचारताच बदलले आहे. नदीत तुमचा मित्र बुडत होता आणि तुम्ही त्याला ओढून काढलेत, त्या प्रसंगी तुम्ही 'ही ड्राउन्ड' लिहिले आहे. त्याचा अर्थ तो बुडून मेला, असा होतो. मराठीत 'बुडत होता' आणि 'बुडाला' यांत जे अंतर आहे, तेच 'ही वॉज ड्राउनिंग' आणि 'ही ड्राउन्ड' यांत आहे. मुलांनी ते पान वाचताना क्षणभरही तसे समजू नये, असे मला मनापासून वाटले.

आई, तुझ्या पानावरील वाक्याचा निर्णय मात्र मला करता येत नाही. 'व्हेन द गेस्ट्स केम, आय कुक्ड' याचा अर्थ पाहुणे आले आणि मग तू स्वयंपाकाला लागलीस, असा होतो. तू आधीपासूनच स्वयंपाक करत असशील, तर 'आय वॉज कुकिंग' लिहावे लागेल. त्या दिवशी नेमके काय झाले होते, तेवढे कळव, म्हणजे ते पान पुरे करता येईल.

तुमची मुलगी