राखेवर उभं असलेलं जंगल : आई-बाबांना पत्र

प्रिय आई, प्रिय बाबा,

बाबा, तुम्ही परवा विचारलंत की एवढं दिवसभर डोंगरात काय खणत असतेस, आणि मी नेहमीसारखं "माती बघते" म्हणून विषय संपवला. फोनवर खरंच सांगता येत नाही हो, रेंज जाते, तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मग दोघंही "बरं बरं" करून ठेवून देतो. म्हणून लिहिते. अक्षर मोठं ठेवलंय, सावकाश वाचा. आई, तुला दरडींची जी धास्ती वाटते त्याबद्दल पण खाली लिहिलंय, तेवढंच शोधून वाचू नकोस, सगळं वाच.

तर मी अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या उत्तरेकडच्या ज्या डोंगरांत काम करते तिथे जवळपास ज्वालामुखी नाहीये. खालचा खडक कुठे ग्रॅनाइट, कुठे फार जुना गाळाचा. पण वरची माती ज्वालामुखीची! ती आलीये नैऋत्येकडून, साधारण ६०० किलोमीटरवरून. ओरेगॉन राज्यात माउंट मझामा नावाचा एक उंच डोंगर होता, तो अंदाजे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला आणि इतका मोठा फुटला की सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडल्यावर डोंगराचा माथाच आत कोसळला, त्या खड्ड्यात पाणी साठून आजचं क्रेटर लेक झालं, ५९४ मीटर खोल, अमेरिकेतलं सगळ्यात खोल सरोवर. त्याची राख पार ग्रीनलंडच्या बर्फात सापडते. आणि त्या भागातल्या क्लामथ या मूळनिवासी लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे, पाताळातला देव लाओ आणि आकाशातला देव स्केल यांच्या लढाईची, म्हणजे माणसांनी तो स्फोट डोळ्यांनी बघितलेला असणार आणि ती आठवण हजारो वर्षं तोंडातोंडी टिकली. मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

नंतरही राख पडलीये, १८ मे १९८० ला माउंट सेंट हेलेन्स हा दुसरा ज्वालामुखी फुटला तेव्हा आयडाहोत भरदुपारी अंधार झाला होता, पण मातीच्या हिशोबाने तो थर पातळच. आमच्या उतारांवरची माती घडवली ती मुख्यतः मझामाने.

आता खड्ड्यात काय दिसतं ते सांगते. वर सूचिपर्णी झाडांच्या सुयांचा कुजका थर, त्याच्याखाली पिवळसर किंवा तांबूस तपकिरी माती, बऱ्याच ठिकाणी ३० ते ५० सेंटीमीटर, आणि तिच्यात दगड जवळजवळ नाहीतच. हातात घेतली तर पिठासारखी मऊ लागते आणि वजनच नसतं तिला. मग एकदम, म्हणजे अक्षरशः बोटभर अंतरात, खालची दगडगोट्यांची घट्ट माती सुरू होते आणि फावडं खणकन वाजतं. मुळं बघितली की कळतं झाडाला काय हवंय, बारीक मुळांचं बहुतेक सगळं जाळं त्या वरच्या राखेच्या थरातच असतं, खाली फक्त जाडजूड आधाराची मुळं जातात.

बाबा, तुम्ही म्हणाला होतात ज्वालामुखीची म्हणजे काळी माती ना. नाही, ती बेसाल्ट झिजून होते, जड चिकणमाती, भिजली की फुगते आणि सुकली की भेगा पडतात. ही त्याच्या अगदी उलट वागते. नेहमीच्या खनिज मातीचा एक घन सेंटीमीटर वाळवून तोलला तर साधारण १.२ ते १.४ ग्रॅम भरतो, राखेच्या मातीचा ०.९ किंवा त्याहून कमी, आमच्याकडे ०.६-०.७ सुद्धा येतो. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा पोकळीचीच, आणि त्या पोकळ्यांत पाणी राहतं. इथे उन्हाळ्यात पाऊस फारच कमी पडतो, हिवाळ्याचा बर्फ वितळून जे पाणी मुरतं त्याच्यावर झाडांनी जुलै-ऑगस्ट काढायचा असतो, आणि खालच्या खडकाळ मातीत ते पाणी फारसं थांबत नाही. राखेचा थर आहे म्हणून इथे रेड सीडर आणि हेमलॉकसारखी पाणी लागणारी झाडं उभी आहेत, तो थर काढून टाका, मग त्याच पावसात तिथे कोरड्यातली विरळ झाडं आणि गवत दिसेल.

आणि ते दिसतंच! सगळ्या उतारांवर राख सारखी नाहीये ना. पडली तेव्हा सगळीकडेच पडली, पण उत्तरेकडे आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन कमी, ओल जास्त, जंगल दाट, म्हणून तिथे ती टिकली. दक्षिण आणि पश्चिमेच्या उतारांवर ऊन भाजून काढतं, झाडी विरळ, वणवे जास्त वेळा लागतात, मग उघड्या राखेला वारा आणि पाणी घेऊन जातं. कड्याच्या माथ्यावर पातळ, उताराच्या खोलगट भागात आणि पायथ्याशी जाड. मला यातली जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अशी की राख पाणी धरते म्हणून जंगल दाट होतं, आणि जंगल दाट असतं म्हणून राख जागेवर राहते, हे चक्र हजारो वर्षं चालू आहे, एका बाजूने तुटलं की दुसरीही बाजू जाते. आणि मझामाएवढी नवीन राख काही इतक्यात येणार नाहीये. दुसरीकडे वरची माती वाहून गेली तर खालचा खडक झिजून हळूहळू का होईना तशीच माती परत होते, पण इथे खालच्या ग्रॅनाइटपासून ग्रॅनाइटचीच माती होणार, राखेची नाही. गेली ती गेली.

आता बाबा, तुमचा प्रांत, केमिस्ट्री. राख म्हणजे मुख्यतः काच, बारीक बारीक तुकडे, आणि काचेला स्फटिकाची शिस्त नसते त्यामुळे ती पाण्यात पटकन झिजते. त्यातून ॲल्युमिनियम आणि सिलिका सुटतं आणि त्याचं ॲलोफेन नावाचं एक विचित्र खनिज बनतं, पोकळ गोळे, एकेका गोळ्याचा व्यास ४-५ नॅनोमीटर, गोळ्याच्या भिंतीला सुद्धा बारीक भोकं. इतक्या लहान पोकळ गोळ्यांचा पृष्ठभाग किती होत असेल विचार करा, एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर. जोडीला फेरिहायड्राइट नावाचं लोखंडाचं खनिज असतं. हे सगळं मिळून कुजलेला पाला-मुळं धरून ठेवतं, त्यामुळे जागेच्या मानाने या माती खूप कार्बन साठवतात, पण फॉस्फेटही इतकं घट्ट धरतात की झाडाला ते सहजी मिळत नाही. अमेरिकेच्या माती वर्गीकरणात यांचा वेगळा गट १९९० मध्ये केला, अँडिसॉल, आणि त्याच्या कसोट्यांमध्ये घनता ०.९ पेक्षा जास्त नको आणि फॉस्फेट ८५ टक्के तरी धरलं पाहिजे असं आहे (ज्या मातीत काच अजून बरीच शिल्लक आहे तिला थोडी सवलत मिळते, आमची बरीचशी तसलीच).

फिल्डवर याची एक टेस्ट आहे जी तुम्ही वर्गात मुलांना दाखवली असती. फिनॉल्फ्थॅलीन लावलेल्या कागदावर चिमूटभर माती ठेवायची आणि वरून सोडियम फ्लोराइडचं द्रावण टाकायचं. फ्लोराइड ॲल्युमिनियमला जाऊन चिकटतो, त्याच्या जागेवरचा हायड्रॉक्सिल सुटतो, पीएच वर चढतो आणि कागद गुलाबी होतो. पीएच ९.४ च्या वर गेला म्हणजे ॲलोफेनसारखं ॲल्युमिनियम आहे असं समजायचं. आई, फ्लोराइड विषारी असतं पण आम्ही ग्लोव्हज घालूनच करतो, काळजी नको.

ही माती हलकी आहे म्हणून नाजूकही आहे, आणि माझं खरं काम ते आहे. लाकूडतोडीची जड मशीनं ओल्या मातीवरून गेली की त्या पोकळ्या दबतात, आणि वाईट म्हणजे बहुतेक नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होतं. "दोनच फेऱ्या मारतो" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मातीच्या कणांना एकमेकांचा आधार कमी, दगडही नाहीत भार घ्यायला, सगळा भार पोकळ्यांवर. एकदा दबली की हवा-पाणी दोन्ही कमी, मुळं शिरत नाहीत, आणि परत सैल व्हायला दशकं लागतात, जुन्या तोडीच्या वाटा आजही खणताना हाताला कळतात. म्हणून आम्ही सांगतो की मशीनच्या वाटा आधी ठरवा आणि त्याच वाटांवर राहा, जिथून जाल तिथे तोडलेल्या फांद्यांची गादी घाला, आणि शक्यतो हिवाळ्यात, जमीन गोठलेली असताना किंवा जाड बर्फावरून काम करा. वसंतात बर्फ वितळतो तेव्हा तर मुळीच नको. यात लोकांचं काम थांबतं, मजुरी थांबते, मला ते कळतं, पण तरीही माझं ठाम मत आहे की चार आठवडे थांबणं पुढच्या साठ-सत्तर वर्षांच्या जंगलापेक्षा महाग नाही.

याच भागात क्लिअरवॉटर नदीच्या खोऱ्यात मधल्या उंचीवर ग्रँड फर या सूचिपर्णी झाडांचं जंगल आहे, तिथे पूर्वी तोड झाली आणि काही ठिकाणी जंगल परत आलंच नाही. उघड्या जागेत ब्रॅकन नावाचं नेचं आणि एक उंच फुलझाड माजलं, जमिनीखालून गोफर उंदीर रोपांची मुळं खातात, इथपर्यंत समजण्यासारखं आहे, पण मातीसुद्धा बदलली! नेच्याच्या मुळांतून इतका सेंद्रिय पदार्थ मातीत जातो की माती आंबट होते, ॲल्युमिनियम ॲलोफेनमध्ये राहायच्या ऐवजी ह्यूमसला, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला, बांधलं जातं, आणि त्यातलं थोडं मोकळं ॲल्युमिनियम मुळांना विषासारखं लागतं. म्हणजे तीच राख, तोच उतार, फक्त वरची झाडं बदलली आणि काही दशकांत आतली केमिस्ट्री फिरली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माती म्हणजे हजारो वर्षांच्या चालीने चालणारी गोष्ट ही माझी समजूत पार हलली.

वणव्याचं थोडक्यात सांगते. सुयांचा थर जळला की राखेची माती उघडी पडते, कधी कधी वरचा थर पाणी झिडकारायला लागतो, थेंब मोत्यासारखा वरच थांबतो, आणि मग पहिल्या जोरदार पावसात पाणी मुरायच्या ऐवजी माती घेऊन खाली पळतं. सुकलेली राखेची माती उष्णता पण नीट आत जाऊ देत नाही, दिवसा पृष्ठभाग तापतो आणि रात्री एकदम थंड पडतो, त्यामुळे नवीन रोपांना दोन्हीकडून मार.

आता दरडी. आई, तुझी भीती अगदीच निराधार नाहीये म्हणून खोटं सांगत नाही. वरचा थर सैल आणि खालचा घट्ट असला की पाणी मधल्या सीमेवर अडतं, आणि उतार तिथूनच सुटतो. १९९५-९६ च्या हिवाळ्यात क्लिअरवॉटर भागात वितळत्या बर्फावर पाऊस पडला आणि शेकडो दरडी आल्या, त्यातल्या बऱ्याच डोंगर कापून केलेल्या रस्त्यांपाशी. जपानमध्ये तर ६ सप्टेंबर २०१८ ला होक्काइदोत ६.६ चा भूकंप झाला आणि हजारो उतार झाडांसकट घसरले, तिथे जुन्या ज्वालामुखीच्या प्युमिसचे (हलका, भोकाभोकांचा दगड) थर होते, मुळं पोचतात त्याच्याही खाली झिजून चिकणमाती झालेले. पण उभं जंगल असलेल्या साध्या उतारावर, भूकंप नसताना, मुळं राखेला खूप चांगली धरून ठेवतात. धोका वाढतो तो तोड झाल्यावर काही वर्षांनी, जुनी मुळं कुजलेली असतात आणि नव्या झाडांची अजून पसरलेली नसतात तेव्हा. आम्हाला ते उतार माहिती आहेत, नकाशावर खुणा केलेल्या आहेत, आणि बर्फावर पाऊस पडायचा अंदाज असला की तिकडे कोणी जात नाही, मीही नाही. एकटी तर कधीच जात नाही, सोबत कोणीतरी असतंच आणि रेडिओ असतो.

बाबा, तुम्हाला आठवतं मी दहावीनंतर केमिस्ट्री नको म्हणून हट्ट करत होते आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त तुमची जुनी वही माझ्या टेबलावर ठेवून गेलात? मी आज जे करते त्याचा बराच भाग त्या वहीतून आलाय. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात उत्तरेच्या एका उतारावर तोड होण्याआधीचे नमुने घ्यायचे आहेत, घनतेसाठी लोखंडी कडं ठोकून माती काढायची, हळूच, कारण जोरात ठोकली तर ठोकतानाच दबते आणि आकडा चुकीचा येतो. त्याच वेळी फ्लोराइडच्या टेस्टचा व्हिडिओ काढून पाठवते. बाबा, कागदाचा रंग किती चढतो ते बघा आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा, वरच्या थरापेक्षा मधल्या थरात जास्त गडद येतो, वरती ह्यूमस ॲल्युमिनियमला अडकवून ठेवतो म्हणून असावं असा माझा अंदाज आहे.

आई, गुडघ्याचा एक्स-रे टाळू नकोस, झाला की रिपोर्टचा फोटो पाठव. बाबांना डोळ्यांचे ड्रॉप्स वेळेवर घालायला लाव.

तुमची,
लेक